न तुडवलेलं मिठागर

दुबईवरून येऊन वर्ष होत आलं, तरी नळावर कोणी ना कोणी विचारतंच, काय बघितलंस गं तिकडं? उंच बिल्डिंगी बघितल्यास का? बघितल्या. त्या तुम्ही पण टीव्हीत बघितल्यात, त्यात माझं काय? मी सांगते ते टीव्हीवाले दाखवत नाय. मी तिकडं मीठ बघितलं. कोणी न पिकवलेलं, कोणी न भरलेलं, नजर जाईल तिथपर्यंत मीठ. आणि त्या मिठात मी माझ्या मुलाची गाडी घातली.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझं आयुष्य उरणच्या मिठागरात गेलं. नऊ वर्षांची होते तेव्हा पहिली पाटी डोक्यावर घेतली. शाळा दुसरीपर्यंत, ती पण पावसाळ्यातली, कारण पावसात मिठागर बंद. जगूचे वडील गेले तेव्हा जगू चार वर्षांचा. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी परत वाफ्यात उतरले. मीठ पिकलं की थांबत नाय, घरात कोण मेलं ते त्याला माहीत नसतं. पायाला भेगा, भेगांत मीठ. त्या पायांनी घरी येऊन मी जगूला एवढंच बोलायची, तू शिक, तुला मिठात पाय घालायचा नाय. तो शिकला. बी.कॉम. झाला, लग्न केलं, दुबईला गेला, सहा वर्षं राहिला. मग मंदी आली. मंदीच्या मागोमाग मी गेले, कारण माझं तिकीट आधीच काढलेलं होतं.

इंग्लंड

जगू दुबईत इंग्लंडमध्ये राहायचा. हसू नका. इंटरनॅशनल सिटी म्हणून वस्ती आहे, तिथल्या बिल्डिंगींच्या जथ्यांना देशांची नावं दिलीत. आमचं घर इंग्लंडमध्ये, कोथिंबीर फ्रान्समध्ये, शिंपी पर्शियात. मी सकाळी चालायला निघाले की रशियापर्यंत जाऊन चहाला परत यायची. गावात फोन करून सांगितलं तर जाऊबाई बोलली, वय झालंय आता, डोकं फिरायचंच.

पहिल्या संध्याकाळी मी खिडकी उघडली आणि एक वास आला. सून प्रणाली धावत आली, खिडकी लावली आणि बोलली, सॉरी हां आई, इथं जवळच सांडपाण्याचा प्लांट आहे. मला तर बरं वाटलं होतं. ओहोटीला आमच्या खाजणात असाच वास सुटतो. मी नातीला, तन्वीला बोलले, बघ, समुद्र जवळ आहे. ती सात वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये. बोलली, “आजी, दॅट्स नॉट सी. दॅट्स पॉटी.”

प्रणाली पुण्याची. शिस्तीची बाई. तिच्या घरात डाळीच्या डब्यावर डाळ लिहिलेलं आणि मिठाच्या डब्यावर मीठ. मी विचारलं, न लिहिता कळत नाय का? तिच्या तोंडावर काय आलं नाय, पण दुसऱ्या दिवशी माझ्या गोळ्यांच्या डबीवर पण नाव आलं.

दुकानात मिठाची पिशवी दीड दिरहामला. म्हणजे वीस रुपये. मी पिशवी फोडून दोन खडे जिभेवर ठेवले आणि खाली ठेवून दिली. त्याला खार आहे, पण चव नाय. शाळेत पहिला येणाऱ्या मुलासारखं मीठ.

मंदी म्हणजे काय ते मला लिफ्टमध्ये कळलं. रोज लिफ्टमध्ये एक सोफा भेटायचा. कोणाची नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की महिन्याभरात देश सोडायचा, आणि सोफा काय विमानात येत नाय. माणसं जात होती आणि सोफे कचऱ्याच्या डब्याशेजारी ओळीनं बसून राहत होते.

जगू रास अल खोरला एका गोडाऊनमध्ये स्टोअर सांभाळायचा. बिल्डिंगी बांधताना लागतात त्या लोखंडी परांच्या भाड्यानं देणारी कंपनी. एकदा मला त्यानं तिकडं नेलं. गोडाऊनच्या मागं खाडीचं टोक आहे, आणि त्यात ते लांब पायांचे गुलाबी पक्षी, पेपरात ज्यांना रोहित लिहितात. आमच्या खाडीत येतात तेच. चोच उलटी करून चिखल गाळत होते. मला माहेरचं कोण भेटल्यासारखं झालं. त्यांच्या मागं अर्ध्या राहिलेल्या बिल्डिंगी आणि त्यांच्यावर क्रेनी. पक्षी एका पायावर, क्रेन एका पायावर. जगू बोलला, “आई, पक्षी निदान मान हलवतात. क्रेनी दोन महिने हलल्या नाहीत.” मग त्यानं तिथंच सांगितलं, परांच्या सगळ्या परत आल्यात, ठेवायला जागा नाय, आणि त्याला नोटीस मिळालीय.

मी बोलले, जेवलास का?

दुसरी नोकरी मिळाली नाय तर तिघांनी गाशा गुंडाळायचा. तन्वीची शाळा वर्षाच्या मधेच सुटणार. जगू रोज कुठं कुठं कागद पाठवायचा, उत्तर येत नव्हतं. एका ठिकाणाहून आलं. हमरिया फ्री झोन, शारजाच्या पुढं बंदर आहे तिथं, पत्र्याच्या शेडी बनवणारी कंपनी. गुरुवारी दुपारी दोन वाजता इंटरव्ह्यू.

मिठाकडं

माझा व्हिसा रविवारी संपत होता. जगू बोलला, आई, तू महिनाभर या घरात डबे वाचत बसलीस. हमरियाच्या थोडं पुढं, उम्म अल क्वैनच्या अंगाला, रस्त्यावरून पांढरं पांढरं दिसतं. मिठाचं तळं आहे म्हणतात. सकाळी लवकर निघू, तुला दाखवतो आणि तसाच इंटरव्ह्यूला जातो, तू गाडीत बस.

प्रणाली बोलली, आधी इंटरव्ह्यू, मग मीठ. तिनं त्याचा शर्ट दोनदा इस्त्री केला होता, काळी पँट, बूट असे चमकवलेले की कुंकू लावावं. जगू बोलला, इंटरव्ह्यूनंतर ऊन होईल, आईला सोसणार नाय. आता माझ्या अंगावर उरणचं पन्नास वर्षांचं ऊन आहे, ते मी बोलायला पाहिजे होतं. मी गप्प राहिले. मला मीठ बघायचं होतं.

शहर संपलं की तिकडं काही राहत नाय. वाळू, तारेचं कुंपण, एखादा उंट, त्याच्या तोंडावर सासऱ्यासारखी नाराजी. मग झुडपं लागली, बुटकी, फुगीर पानांची. मी बोलले, थांब. उतरून एक पान तोडून चावलं. खारट. आमच्या खाजणात मोरसाची भाजी होते, तिची ही चुलत बहीण. ही झुडपं वाळूची छोटी छोटी टेकाडं धरून बसलेली. आणि त्यांच्या पलीकडं एकदम काही नाय. सगळं सपाट आणि पांढरं.

मी खूप मीठ बघितलंय, पण मला तिथं पदर तोंडाला लावावा लागला. आमचं मिठागर म्हणजे बांध, वाफा, बांध, वाफा, चारखान्याच्या लुंगीसारखं. इथं बांध नाय. भरतीचं पाणी घ्यायची उघाडी नाय. समुद्र तर दिसत पण नव्हता. जमिनीवर मिठाची साय धरलेली, तिचे पत्रे झालेले, पत्र्यांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर आलेल्या. लांब मधोमध पाण्याचं तळं, आठवड्यापूर्वीच्या पावसाचं, आणि पाण्याच्या काठाला गुलाबी रेघ. रोहितच होते, पण इतके लांब की कोणी गुलाल सांडल्यासारखे.

पिकलेलं मीठ समोर पडलंय आणि भरायला कोणी नाय, हे माझ्यानं बघवेना. वाटलं, मालक मेलाय की काय.

डाव्या हाताला एक बकऱ्यांची शेड होती. तिथून एक म्हातारा अरब बाहेर आला. लांब पांढरा झगा, आणि डोक्याचा रुमाल हातात घेऊन हलवायला लागला. ओरडत होता, सबखा, सबखा!

जगू बोलला, काय बोलतोय तो?

मी बोलले, “ऐकू येत नाय का? सबका. सबका बोलतोय. सगळ्यांचं आहे, या बोलतोय. चांगला माणूस आहे, हात करतोय बघ. घे गाडी आत.”

जगू कचरला. बोलला, आई, गाडी रुतणार नाय ना?

इथं माझी अक्कल आडवी आली. आमच्याकडं दिवाळी झाली, पाणी काढलं की वाफ्याचा तळ तुडवायला घेतात. बायामाणसांनी ओळीनं उभं राहायचं, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकायचे आणि पायानं चिखल दाबत जायचं, दाबत यायचं. पंधरा पंधरा दिवस. मग फळीनं चोपायचं. मग असा तळ होतो की पाटी घेऊन दिवसभर पळा, खड्डा पडत नाय. माझ्या डोक्यात मीठ म्हणजे खाली तुडवलेली जमीन. मीठ आहे त्या अर्थी कोणाच्या तरी बायकांनी तुडवलं असेलच.

मी बोलले, “मला मीठ शिकवतोस? मिठाखाली जमीन घट्टच असते. चल.”

त्यानं आईचं ऐकलं. एवढीच त्याची चूक.

सबखा

शंभरएक पावलं गाडी चांगली गेली. पापड मोडल्यासारखा कुरकुर आवाज. मग एक पत्रा मोडला आणि पुढची दोन्ही चाकं खाली बसली, म्हैस बसते तशी, आधी पुढून. जगूनं गाडी मागं घ्यायला पाय दाबला, तर मागची पण बसली. पांढऱ्याखालून काळा चिखल वर आला, कुजक्या अंड्यांच्या वासाचा. घड्याळात अकरा वाजत होते.

जगूनं इंजिन बंद केलं. मी त्याला तीस वर्षं मिठाबाहेर ठेवला आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी, इस्त्रीच्या पँटीत, स्वतः नेऊन मिठात बुडवला.

मी बोलले, घाबरू नको. तुडवलेलं नाय ना? मग तुडवू. बूट काढ.

त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी लुगडं वर खोचलं, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि चाकांपुढं तुडवायला सुरुवात केली. बोलले, टाच आधी, मग चवडा, घाई नाय करायची. आम्ही मायलेक तसे मागंपुढं, मागंपुढं. दहा मिनिटांत घोट्यापर्यंत होतो ते गुडघ्याच्या खालपर्यंत रुतलो. पंधरा दिवसांचं काम, तेही पाणी काढून टाकल्यावरचं, मी एका दुपारीत करायला निघाले होते.

तेवढ्यात तो म्हातारा चालत आला. सरळ नाय आला, बाजूच्या झुडपांच्या टेकाडांवरून वळणं घेत घेत आला, आणि कोरड्यात उभा राहून कमरेवर हात ठेवून आम्हाला बघत राहिला.

“क्या करता है माई? नाचता है?”

हिंदी बोलत होता. नंतर कळलं, जवान असताना लाँचवर मुंबईला यायचा, भेंडीबाजारात महिना महिना राहायचा. जगूनं त्याला अर्बाब म्हटलं, तिकडं मालकाला तसं म्हणतात, आणि विचारलं, तुम्हीच बोलावलंत ना, सबका म्हणून?

म्हातारा बोलला, “मैं बोला सबखा. सबखा! सबखा गाडी खाता है. ऊंट खाता है.”

तर सबखा म्हणजे असली खारी जमीन. अरबी शब्द आहे. जगू सहा वर्षं तिकडं होता, पण त्याच्या ऑफिसात हा शब्द कधी लागला नव्हता. ऑफिसात लागतात ते तीनच. यल्ला म्हणजे चल, खलास म्हणजे संपलं, आणि इन्शाल्ला म्हणजे पगार पुढच्या आठवड्यात.

म्हातारा भला होता. आधी हसून घेतलं, डोळे पुसले, मग कामाला लागला. त्याची पिकअप तो आत आणणार नव्हता, ती झुडपांजवळ उभी केली. बोलला, जिथं झाड तिथं जमीन, जिथं चकाकतं तिथं जायचं नाय. बकऱ्यांच्या शेडवर टाकायच्या खजुराच्या झावळ्या होत्या, त्या आणायला सांगितल्या. जगूनं अनवाणी सहा खेपा केल्या. दोर पिकअपमध्ये होता, पण आखूड पडला. मग म्हातारा दुसरा दोर आणायला घरी गेला. तेवढ्यात बारा वाजले. जगू घड्याळ बघत होता, मी जगूला बघत होते.

म्हातारा परत आला तो दोर आणि चहाची थर्मास घेऊन. मला वाटलं चहा कसला पितोस बाबा, ओढ. पण तिकडं पाहुण्याला चहा विचारल्याशिवाय दोर बांधत नसावेत. मी माझा डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. त्यानं वास घेतला आणि बोलला, मालेह. मालेह म्हणजे त्यांची खारवलेली मासळी. त्याचा बाप याच सबख्यातून मीठ कापून गाढवावर लादून न्यायचा, मासे खारवायला.

मी मिठाचा एक पत्रा उचलून जिभेवर ठेवला आणि थुंकले. कडू. मधे मधे काचेच्या पाकळ्यांसारखे खडे, ते तर दातात चिरडले. आमच्याकडं मीठ धरलं की उरलेलं कडू पाणी वाहून काढतात, नाहीतर सगळं पीक नासतं. मी बोलले, बाबा, पाणी नाय बदललं कोणी. असं मीठ पिकवतात का?

तो वर बोट दाखवून बोलला, “उसको बोलो.”

मग त्यानं सांगितलं ते असं. समुद्र पूर्वी इथपर्यंत होता, मग मागं गेला, पण जमिनीखाली खारं पाणी हातभर खोलावर बसलंय. ऊन ते वर शोषतं, पाणी उडतं, मीठ उरतं. पाऊस आला की मीठ विरघळतं, तळं होतं, तळ्यात डोळ्याला न दिसणारे किडे होतात, ते खायला पक्षी येतात. तळं आटलं की पक्षी जातात आणि परत मीठ. कडू पाणी जाईल कुठं, उतारच नाय. म्हणून त्याचा बाप वरची साय सोडून द्यायचा, एका ठरावीक कोपऱ्यातलंच कापायचा. मी बोलले, मग शहाणा होता. त्यानं माझ्यापुढं एक खडा धरला. मी बोलले, खाली ठेव, मीठ कोणाच्या हातातून घेत नाय, भांडण होतं. त्यानं निमूट झावळीवर ठेवला आणि मी उचलला. बोलला, बीबीला पण सांगतो घरी गेल्यावर, भांडणाचं कारण आत्ता कळलं.

एक वाजता झावळ्या चाकांखाली गेल्या, दोर ताणला, मी आणि जगू मागून रेटत होतो. गाडी निघाली ती एकदम, आणि मागच्या चाकांनी सगळा काळा चिखल जगूच्या पँटीवर. शर्ट वाचला. तो मी आडवी आले म्हणून वाचला.

हमरिया

म्हाताऱ्यानं पिण्याच्या पाण्याचा एक कॅन दिला, तेवढ्यात जगूचे पाय आणि तोंड झालं. पँट राहिली. गाडीत वारा लागून ती वाळत गेली आणि वाळेल तशी गुडघ्याखाली पांढरी होत गेली. मी लाळ लावून, पदरानं घासत होते. घासलं की आणखी पांढरी. जगू बोलला, आई, असू दे.

हमरियाच्या गेटवर दोनला पाच कमी होते. जगूनं फाईल घेतली, बूट घातले आणि गेला. वरून साहेब, खालून मिठागरवाला. मी गाडीत बसून राहिले. मी कधी कुठल्या देवाला काही मागितलं नाय, कारण मागून मिळालेलं मला आठवत नाय. त्या दिवशी मागितलं. देवा, पँट बघू देऊ नको. टेबलामागं बसव त्याला.

तो सात-आठ मिनिटांत परत आला. मला वाटलं पँट बघूनच हाकललं. त्याच्या तोंडावरून काही कळेना. आत बसला, फाईल मागं ठेवली.

“ऑफिस रिकामं आहे,” तो बोलला. “ज्या साहेबानं मला बोलावलं होतं, त्यालाच आज सकाळी काढला. वॉचमन बोलला, दहा वाजता खोकं घेऊन गेला. भरती-बिरती सगळं बंद.”

दहा वाजता. तेव्हा आम्ही अजून रस्त्यात होतो. गाडी रुतायला तास बाकी होता.

आता मी जे सांगते ते नळावर बोलले नाय. मला बरं वाटलं. मुलाची शेवटची आशा गेली, नातीची शाळा गेली, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, कारण ते माझ्यामुळं गेलं नव्हतं. गाडी रुतली नसती तरी हेच होतं. पोटच्या मुलाचं नुकसान झालं आणि आईला सुटल्यासारखं वाटलं, असं पण असतं. आयुष्यात मी खूप काही सोसलं, पण स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

जगू माझ्याकडं बघत होता. बोलला, आई, तू हसतेस?

मी बोलले, नाय रे.

बोलला, हसतेस तू. आणि मग तोच हसायला लागला, स्टेअरिंगवर डोकं टेकून. पँटीवरचं मीठ झडून पायाशी पडत होतं. वॉचमन बघायला आला, काय झालं म्हणून. उरलेली भाकरी आम्ही तिघांनी खाल्ली.

मग जगूनं प्रणालीला फोन लावला. ती पहिलं हेच विचारत होती, उशीर झाला का? जगू बोलला, “नाही, आम्ही वेळेत पोचलो. कंपनीच नाही पोचली.”

घरी गेल्यावर तिनं पँट बघितली. जगू बोलला, मिठाजवळ गाडी वळवताना माझा अंदाज चुकला. मी तोंड उघडणार तर त्यानं मला डोळ्यांनी गप्प केलं. तेव्हापासून घरात काही बिनसलं की प्रणाली त्याला ऐकवते, इंटरव्ह्यूच्या दिवशी चिखलात गाडी घालणारा माणूस तू. मार्चमध्ये तिघं कायमची इकडं आली. जगू आता पनवेलला एका गोडाऊनमध्ये आहे, तन्वी नळावरच्या बायकांना इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि ते ऐकवणं अजून चालूच आहे. तो ऐकून घेतो.

म्हणून हे मी शेजारणीकडून लिहून घेतलंय, घरात कोणाला न सांगता. छापून आलं की प्रणाली वाचणार. ती सगळं वाचते. तर वाच बाई नीट. गाडी त्यानं नाय घातली. तो विचारत होता, रुतणार नाय ना. मी बोलले, चल.